अँबेसेडरचा आतला पत्रा



खोडव्याची नोंद राहिली आहे, ती पुढच्या वेळी. सध्या आमच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या जागेवर काकांची अँबेसेडर उभी आहे, पुढची दोन्ही मडगार्ड उतरवलेली, इंजिन काढलेलं. रोज धार-पाणी आटोपलं की दोन-तीन तास तिच्यात जातात. आज तिच्याबद्दल लिहितो. जुन्या गाड्यांत ज्यांना रस नाही त्यांनी मधला माती आणि खताचा भाग तरी वाचावा. तोच गंज आपली ट्रॉली आणि पेरणी यंत्राची खतपेटी खातो.

गाडी १९८४ ची. मार्क फोर, डिझेल, १,४८९ सीसी, ३७ अश्वशक्ती. चढाला धापा टाकते, पण थांबत नाही. काका ७६ वर्षांचे आहेत आणि अजून स्वतः चालवतात. शेतावर, बाजाराला, आणि दर गुरुवारी काकूंना तालुक्याच्या दवाखान्यात. हे मुद्दाम सांगतोय, कारण ही गाडी झाकून ठेवून रविवारी पुसायची गाडी नाही. हिच्यात दोन म्हातारी माणसं बसून राज्य रस्त्यावरून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून जातात.

बोनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जो उभा पत्रा दिसतो, ज्याच्या पलीकडे चाक असतं, तो आतला पत्रा. कोणी त्याला आतलं मडगार्ड म्हणतं, कोणी ॲप्रन. बाहेरचं मडगार्ड आपल्याला दिसतं, त्यालाच सगळे रंगवतात, पॉलिश करतात. ते बोल्टवर बसलेलं असतं. काढलं तरी गाडी आहे तशी उभी राहते. आतल्या पत्र्याचं तसं नाही. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, वरची बॉडी तिच्यावर ठेवलेली. अँबेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिला वेगळी चेसिस नाही. पत्र्यांच्या घड्या एकमेकींना वेल्ड करून सगळी बॉडी हीच चेसिस. पुढे इंजिनाखाली दोन लांब पाय निघतात. इंजिनाचं आणि चाकांचं ओझं त्या पायांवर. ते पाय खाली वाकू नयेत म्हणून त्यांना वरून धरून, मागे फायरवॉलला आणि पुढे रेडिएटरच्या पॅनेलला बांधून ठेवतो तो हा आतला पत्रा. पॉलिहाऊसचे खांब उभे आहेत आणि तिरके पाइप गंजून गेलेत, अशी कल्पना करा. वारा येईपर्यंत काही कळत नाही.

आम्हाला कळलं ते उजव्या दरवाज्यावरून. काका म्हणायचे, दरवाजा खाली बसतोय, बिजागरी बघ. बिजागरी चांगली होती. मग मी पुढच्या उजव्या पायाखाली जॅक लावून गाडी थोडी उचलली आणि दरवाज्याच्या वरच्या फटीकडे बघत बसलो. चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच फट बदलायला लागली. वर बंद होत गेली, खाली उघडत गेली. म्हणजे पुढचं धड मागच्या धडाला घट्ट धरून नव्हतं. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. जुनी गाडी विकत घेताना रंग बघण्याआधी ही करा.

मडगार्ड उतरवल्यावर जे दिसलं ते सांगायला बरं नाही. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. नाव घेत नाही. आतल्या पत्र्याला जिथं भोक होतं तिथं पातळ पत्र्याची टिकली पॉप रिव्हेटने ठोकलेली, वर फायबरची चटई, वर लांबी, वर काळं डांबरी कोटिंग. वरून बघितलं तर नव्यासारखं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं आणि तळहाताने हलकेच दाबलं, तर दांड्यापर्यंत आत. "दादा, ह्यो पत्रा न्हाई, चाळण हाय," एवढंच बोलले. त्या चाळणीच्या कडेने पुढच्या चाकाची ब्रेकची नळी गेलेली. तिची क्लिप ज्या पत्र्याला होती तो पत्राच नाही, त्यामुळे नळी लोंबकळून धारेवर घासत होती. नळीला चकाकी आली होती. अजून किती गुरुवार टिकली असती, कोण जाणे.

आता हा गंज आला कुठून, ते बघा. पाऊस सगळ्याच गाड्यांवर पडतो. आपल्याकडे तीन गोष्टी जास्तीच्या आहेत.

पहिली, काळी माती. आपली माती पाणी धरून फुगते आणि चिकटते, हे आपल्यालाच काय सांगायचं. चाकाने उडवलेली ही माती आतल्या पत्र्याच्या वरच्या कडेला, हेडलाइटच्या वाटीच्या मागे आणि खाली दरवाज्याच्या खांबापाशी जाऊन बसते. मुरमाड भागातली धूळ वाळून गळून पडते. काळी माती मात्र आतून ओलीच राहते. मी हेडलाइटच्या मागून माती काढली ती मार्चच्या उन्हात, आणि ती बोटाला ओली लागली. नोव्हेंबरनंतर गाडी चिखलात गेली नव्हती, फक्त धुतली होती. म्हणजे वरून धुवायचं आणि आतली माती भिजवायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

दुसरी, क्षार. आमच्या शिवारात नदीकडेचा पट्टा क्षारपड झालेला आहे, उन्हाळ्यात वर पांढरं फूल येतं. रस्ता त्याच्यातूनच जातो. शुद्ध पाण्यापेक्षा खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही शेवटी लोखंड आणि पाण्यातली बॅटरीचीच क्रिया आहे. त्यात क्लोराइड असला की तो लोखंडावरचा पातळ संरक्षक थर फोडतो आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे पाडतो. म्हणून काही ठिकाणी पत्रा सगळीकडे सारखा झिजलेला नसतो. आजूबाजूला जाड, आणि मध्येच आरपार भोक.

तिसरी, खतं. काकांनी डिकीतून पोती वाहिली, आणि डिकीचा तळ हा स्वतंत्र विषय आहे, तो नंतर. पण कोणतं खत किती खातं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. युरिया त्यातल्या त्यात सौम्य. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी, लोखंडाला वाईट. आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. त्याच्या वजनात जवळपास निम्मा क्लोराइड असतो. पिकाच्या दृष्टीने आपण म्युरेट की सल्फेट ऑफ पोटॅश यावर वाद घालतो, लोखंडाच्या दृष्टीने मात्र वादच नाही. शिवाय ही सगळी खतं हवेतली ओल ओढतात. पोत्यातून सांडलेले चार दाणे पत्र्याच्या घडीत गेले की पावसाळ्याच्या हवेत ते स्वतःच पाणी तयार करतात.

आणि एकदा दोन पत्र्यांच्या जोडात गंज शिरला की तो थांबत नाही, कारण गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. खडकाच्या फटीत पिंपळाचं मूळ शिरावं तसा तो स्पॉट वेल्डचे टाके उचकटतो. त्या नव्या फटीत आणखी पाणी. गव्हावरच्या आणि लोखंडावरच्या, दोन्ही रोगांना आपल्याकडे तांबेरा म्हणतात ते उगाच नाही. दोन्ही आधी आत पसरतात.

मिस्त्रींनी हे सगळं काढून ठेवलं त्या संध्याकाळी काका शेडमध्ये आले. आमचं वाजलं ते तिथं.

"चार टिकल्या मारा आणि द्या गाडी," ते म्हणाले. "गुरुवारी हिला न्यायचंय."

"काका, टिकली कशाला धरायची? कडेला पत्राच नाही."

"मागच्या वेळी धरली होती की."

मी काही बोललो नाही. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, तुम्हीच बघा कुठं चांगला हाय. काकांनी तीन-चार ठिकाणी लावून बघितलं. मग ब्रेकची नळी बोटात धरून बराच वेळ त्या चकाकलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. भंगारवाल्याने आठवड्यापूर्वीच वजनावर भाव सांगून ठेवला होता, तोही त्यांच्या डोक्यात असणार. शेवटी विचारलं, "किती दिवस?" तोवर माझी गाडी न्या, असं ठरलं.

आता कामाचं. दोन्ही बाजूंची अवस्था सारखी नव्हती, त्यामुळे उपायही दोन झाले. डाव्या बाजूला वरची कडा आणि हेडलाइटच्या मागची वीतभर जागा गेलेली, बाकी पत्रा ठणठणीत. हातोडीने वाजवला की खणखण वाजतो. सडका पत्रा बद्द वाजतो, नारळासारखं आहे ते. ही बाजू दुरुस्त करायची ठरली. उजवीकडे बॅटरीच्या ॲसिडचं पाणी वर्षानुवर्षं उतरलेलं, मागचा खालचा कोपरा पूर्ण गेलेला आणि टिकल्यांचं ते सोंग. ती बाजू अख्खी बदलायची.

नवं पॅनेल कुठं मिळणार? उत्तरपाड्याचा हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना मे २०१४ मध्येच बंद झाला. टॅक्सीमुळे कोलकात्यात अजून सुटे भाग फिरतात, मल्लिक बाजारात बरंच मिळतं म्हणतात, पण एवढा मोठा पत्रा तिकडून आणायचा म्हणजे भाडंच डोईजड. कोल्हापूरच्या बाजूला भंगारात एक अँबेसेडर मागून ठोकलेली मिळाली, पुढचं धड सरळ. तिचा उजवा आतला पत्रा घेतला. भंगारवाला गॅसकटरने पाच मिनिटांत कापून देत होता, मिस्त्रींनी त्याला हात लावू दिला नाही. गॅसने कापलं की कडा जळते, पत्रा वाकतो, आणि जोडाची घडी तिकडेच राहते. त्याऐवजी एकेक स्पॉट वेल्ड शोधायचा, त्यावर पंच मारायचा, आठ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरचा पत्रा भेदायचा आणि छिन्नीने सोडवायचा. दिवस गेला त्यात. पण फायदा असा की तीच भोकं पुढे उपयोगी पडतात. नवा पत्रा जागेवर बसवून त्या भोकांतूनच वेल्ड भरला की मूळच्या टाक्याच्या जागी टाका.

कापण्याआधी मापं. हा भाग लोक गाळतात, आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. आम्ही गाडी कोब्यावर घेतली, पाणीनळीने चारी कोपरे एका पातळीत आणले आणि घोड्यांवर ठेवली. मग फायरवॉलवरच्या दोन आणि पुढच्या पायांवरच्या दोन मूळ भोकांतून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा केल्या. गोठ्याचा पाया आखताना आपण कर्ण मोजतो तसे दोन्ही कर्ण मोजले. सात मिलिमीटरचा फरक निघाला. उजवा पाय तेवढा आत आलेला. जुना मार असेल किंवा पत्रा सडल्यावर हळूहळू आला असेल. इंजिन चेनपुलीने उतरवून बाजूला ठेवलेलंच होतं, त्यामुळे पायांवर ओझं नव्हतं. उजवा पत्रा सोडवल्यावर दोन पायांच्या मध्ये स्क्रू जॅक लावून पाव-पाव फेरा देत कर्ण जुळवले, आणि लगेच फायरवॉलपासून पुढपर्यंत इंची चौकोनी पाइपाचा तात्पुरता आधार टाकून वेल्ड केला. एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर मापायला काही उरतच नाही.

पत्रा कोणता, यावर मिस्त्रींचं आणि माझं एकमत आहे. डाव्या बाजूच्या चांगल्या भागावर व्हर्निअर लावला, एक मिलिमीटरच्या आसपास भरला. तेवढ्याच जाडीचा सीआरसी पत्रा आणला. घरात पडलेला जीआय पत्रा वापरण्याचा मोह होतो, पण तो वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हे माहीत असतं, आपल्याला नसतं. आणि जास्त जाड पत्राही नको. जाड तुकडा पातळ पत्र्याला जोडला की सगळा ताण जोडाच्या कडेला जाऊन तिथंच चीर पडते.

डाव्या बाजूला सडका भाग कापताना डोळ्याला चांगला दिसणारा पत्राही दोन बोटं आतपर्यंत काढला. फांदीवरचा डिंक्या खरवडताना आपण हिरवी साल लागेपर्यंत जातो, तसं. ठिबकच्या फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नमुना केला, तो दोनदा बसवून बघितला, मगच पत्र्यावर आखला. तुकडा वर चढवून नाही, कडेला कड भिडवून बसवला. वर चढवलेल्या टिकलीच्या मागे खिसा तयार होतो आणि खिशात पाणी. सीओटू वेल्डिंगला ०.८ ची तार. एक टाका इथं, पुढचा वीतभर लांब, मग पुन्हा मध्ये, आणि हात लावता येईपर्यंत थांबायचं. सलग ओढत गेलं की पत्रा पापडासारखा होतो. शेतावरच्या साध्या आर्क वेल्डिंगने हे काम करू नका, पातळ पत्र्याला भोकंच पडतात.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी, वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला केल्या होत्या. तरी जुन्या डांबरी कोटिंगने एकदा पेट घेतलाच. वाळूची बादली जवळ होती. इंजिन नसलं तरी टाकीत डिझेल असतं, हे विसरू नये.

जिथं पत्रा शाबूत आहे पण वर गंज बसलाय तिथं फॉस्फोरिक ॲसिड. ठिबकच्या नळ्या साफ करायला आपण वापरतो तेच. पातळ करून, हातमोजे घालून, ब्रशने. लाल गंज काळपट होतो, लोखंडाचं फॉस्फेट तयार होतं, मग पुसून, धुऊन, उन्हात पूर्ण वाळवायचं. काही जण हायड्रोक्लोरिक वापरतात, कारण ते भराभर काम करतं. करतं खरं, पण मागे क्लोराइड सोडून जातं आणि घडीतून ते धुतलं जात नाही. म्हणजे क्षारपड जमीन आपणच तयार करायची. जोडाच्या घडीत मात्र कुठलंच ॲसिड जाऊ दिलं नाही. तिथं तारेचा ब्रश, आणि दोन पत्रे मिटण्याआधी मध्ये झिंक प्रायमर.

उजव्या पत्र्याला सगळे टाके भरून झाल्यावर आधाराचा पाइप कापला. मिस्त्री लांब जाऊन विडी ओढत उभे राहिले, मी ओळंबे सोडले. कर्णात दोन मिलिमीटरचा फरक. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "कंपनीतनं बी असाच येत असंल." मग पुन्हा तोच जॅक, तोच पाय, तीच दरवाज्याची फट. इंजिन अजून बाहेर आहे, त्यामुळे ही खरी परीक्षा नव्हे, पण दोन फटींमधलं अंतर हललं नाही. इंजिन बसवून, पाणी-ऑइल भरून पुन्हा करणार आहे. त्याशिवाय चावी काकांना द्यायची नाही, हे मिस्त्रींना सांगून ठेवलंय.

ब्रेकची नळी दोन्हीकडची नवी टाकली. घासलेली नळी झाळून वापरा असा सल्ला देणारे दोन जण भेटले, त्यांना चहा पाजून पाठवलं.

आता रंगाखालचं काम चालू आहे. प्रायमरवर जोडांना सीलंट, त्यावर रंग, चाकाच्या बाजूने रबरी कोटिंग. काळं डांबर नको, ते वाळून तडकतं आणि त्या तड्यातून शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. बंद घड्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स सोडणार. काका म्हणतात, जळकं ऑइल मार, नांगराला आपण तेच मारतो. नांगराला ठीक आहे, पण इथं ते सस्पेन्शनच्या रबरांवर गळून रबर फुगवतं आणि धूळ धरतं. यावर अजून आमचं एकमत नाही.

हेडलाइटच्या मागे माती साठते ती जागा मूळ बनावटीतच तशी आहे, ती बदलता येत नाही. म्हणून बाहेरचं मडगार्ड बसवताना मध्ये रबराची नवी पट्टी देतोय, आणि खालच्या कोपऱ्यातली पाणी जाण्याची दोन भोकं, जी जुन्या रंगकामात लांबीने बुजवली होती, ती मोकळी केली आहेत. पावसाळा संपला की बाग फवारायच्या एचटीपी पंपाचा पाइप चाकाच्या आतून वर धरायचा, खालच्या भोकांतून गढूळ पाणी येणं थांबेपर्यंत. काल नुसत्या बॉडीवर करून बघितलं. पाच मिनिटांत पाणी स्वच्छ आलं, पण आधी दोन घमेली माती निघाली. ती मी फेकली नाही, एका पिशवीत भरून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात माती परीक्षणाला नमुने जाणारच आहेत, त्यांच्याबरोबर हिचाही क्षारांक काढून आणतो.